वजनाचं इंजेक्शन चालू आहे, इलेक्ट्रोलाइट पावडर घेऊ का?

प्रश्न : डॉक्टर, मी आठवड्यातून एकदा सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेते, दोन महिने होत आलेत. वजन छान उतरतंय पण भूक अशी मेलीये की दोन घासात पोट भरतं. हल्ली पटकन उभं राहिलं की डोळ्यासमोर अंधारी येते आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. पाणी तर ३ लिटर पिते! मैत्रीण म्हणते रोज इलेक्ट्रोलाइट पावडर घे. घेऊ का? बाकी काही त्रास नाही, फक्त बीपीची गोळी आहे, ती जुनीच.

उत्तर : ती शेवटी सहज लिहून टाकलेली बीपीची गोळी आहे ना, मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटली.

बघा, मीठ आपल्या पोटात जातं ते जेवणातून, आणि पाणीसुद्धा थोडंफार जेवणातूनच जातं. तुमचं जेवण निम्म्यावर आलं म्हणजे मीठही निम्म्यावर आलं, त्यात वजन उतरतंय म्हणून बीपी आपोआप खाली येतंय, आणि गोळीचा डोस मात्र जुन्या वजनाचा, जुन्या जेवणाचा. मग उभं राहिल्यावर अंधारी येणारच. त्यावर नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तात असलेलं सोडियम (मिठातला मुख्य घटक) अजून पातळ होतं, म्हणून ३ लिटरचा हट्ट सोडा, तहान आणि लघवीचा रंग बघून प्या (फिकट पिवळी असली की पुरे).

पावडरीचं म्हणाल तर तिच्यात सोडियम, पोटॅशियमसारखे क्षार असतात, त्यामुळे गोळी कुठली आहे ते कळल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. लघवी वाढवणारी गोळी असेल, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन, तर सोडियम-पोटॅशियम दोन्ही कमी होऊ शकतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल असेल तर उलट, पोटॅशियम शरीरात साठायकडे कल असतो आणि वर पोटॅशियमची पावडर म्हणजे हृदयाच्या ठोक्यांशी खेळ. कधी एकाच गोळीत दोन्ही प्रकार असतात, पाकीट नीट वाचा. आणि हो, ते ‘लो सोडियम’ मीठ, त्यातही पोटॅशियमच असतं, हे कितीतरी जणांना माहीत नसतं.

घरी मशीन असेल तर पाच मिनिटं शांत बसून बीपी घ्या, मग उभं राहून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडत असेल तर ते आकडे घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, डोस बदलावा लागेल, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका. सोबत रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते यावरून कळतं) तपासून घ्या. मॅग्नेशियम बहुतेकदा त्या तपासणीत नसतं, वेगळं सांगावं लागतं. गोळे आले की लगेच मॅग्नेशियमच्या गोळ्या आणतात लोक, त्याने गोळे थांबतीलच असं नाही, पोट मात्र सैल होऊ शकतं.

प्रश्न : इंजेक्शनचा डोस वाढवला की मला दोन दिवस उलट्या-जुलाब होतात. स्पोर्ट्स ड्रिंक चालेल?

उत्तर : त्यात साखर जास्त आणि मीठ कमी, तुम्हाला ओआरएस हवं. त्यात लिटरला सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल (कणांच्या संख्येचं माप) असं मुद्दाम सारखं ठेवलेलं असतं कारण आतडं ग्लुकोजच्या जोडीने सोडियम आत ओढतं आणि मागोमाग पाणी येतं. म्हणून पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट, अर्धं नाही. आणि घोट घोट! या औषधाने जठर हळू रिकामं होतं, ग्लासभर एकदम प्यायलात तर तेही बाहेर. उलट्या-जुलाब थांबले की ओआरएस बंद, ते रोजचं सरबत नव्हे.

शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर उलट्यांच्या दिवशीच डॉक्टरांना फोन करून ती थांबवायची का विचारा. पुढचा डोस वाढवायच्या आधीही बोला, थोडे आठवडे खालच्याच डोसवर राहता येतं. पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी जवळजवळ बंद झाली असेल किंवा पोटातली जोरदार कळ पाठीकडे जात असेल तर घरी बसून ओआरएस पीत राहू नका, थेट हॉस्पिटल गाठा.