जुना फ्लॅट विकायला काढताना माळे आणि कपाटं आवरायची सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडमधला २५ वर्षांचा टू बीएचके दसऱ्याच्या सुमारास विकायला काढायचाय, माळे आणि बॉक्स बेड ठासून भरलेत, आई काही टाकू देत नाहीत आणि एजंट म्हणतोय आधी रंग काढून घ्या. मग सुरुवात कुठून करायची?

माळ्यांपासून. रंगाचं नंतर बघू.

मी हा उद्योग दोन्ही बाजूंनी केलाय. आईवडिलांचा सहकारनगरातला फ्लॅट विकला आणि त्याआधी स्वतःसाठी रीसेलची बरीच घरं पालथी घातली. घर बघायला आलेला पुणेकर हॉलमध्ये बसून चहा घेतो, सोसायटीचा मेंटेनन्स विचारतो, पण बरोबर एखादी आत्या नाहीतर सासूबाई असतातच, आणि त्या गप्पांत भाग न घेता सरळ ओट्याखालचं दार उघडतात. मग मान वर करून, ‘माळे किती आहेत?’ त्या वेळी माळ्यातून टीव्हीचं खोकं, गुंडाळलेली सतरंजी आणि वॉकरचं चाक बाहेर डोकावत असेल, तर त्या मनातल्या मनात निकाल देतात: या घरात सामान मावत नाही. घर तेवढंच असतं, पण ते लहान ठरतं.

म्हणून एकच खूण सांगते. माळ्याचं दार उघडल्यावर मागची भिंत दिसली पाहिजे. सगळा माळा रिकामा नको, तसं केलं तर घर सोडून गेल्यासारखं दिसतं. पण माळा किती खोल आहे ते कळायला मागची भिंत दिसायलाच हवी, कपाटाचंही तसंच. सामान नीट रचून ठेवण्यात वेळ घालवू नका आणि तुळशीबागेतून एकसारखे प्लास्टिकचे डबे तर मुळीच आणू नका. जे जायचंय ते घालवायचं, उरलेलं आपोआप नीट दिसतं.

मागच्या भिंतीचं आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच मोठं. संडास-बाथरूमच्या वरचा माळा सगळ्यात आधी रिकामा करा, आत्ताच, पाऊस चालू असताना. जुन्या इमारतींत वरच्या मजल्याच्या बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यात पाइप टाकून वर विटांचे तुकडे भरतात आणि त्यावर फरशी बसवतात. पाइपाचा जोड किंवा फरशीच्या फटी कमजोर झाल्या की पाणी त्या भरावात मुरतं आणि तुमच्या छताला येतं, म्हणजे नेमकं तिथे, जिथे तुम्ही बॅगा रचून ठेवल्यात. घरच्यांना वर्षानुवर्षं पत्ता नसतो. मोबाइलचा टॉर्च मारून पांढरे क्षार, पोपडे, बुरशी बघा. पुण्यात पाण्याच्या वेळा सांभाळायला बहुतेकांची टाकी त्याच माळ्यावर असते, तेव्हा टाकीच्या नळाशी पाझर आहे का तेही बघून घ्या. नाहीतर खापर उगाच वरच्यांवर फुटायचं. गळती खरंच वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून असेल तर दुरुस्ती त्या सभासदाने करायची असते. गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून असेल तर ती सोसायटीची जबाबदारी. दोन्ही बाबतींत सेक्रेटरींना लेखी पत्र द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कोणी मनावर घेत नाही.

आता एजंटच्या रंगाचं. ओल असताना रंग काढला तर दिवाळीच्या आत त्याला फुगे येतात, आणि बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस असले ताजे ठिगळ लगेच ओळखतो. गळती बंद, भिंत कोरडी, मग रंग. माळ्याच्या आतून मात्र पांढऱ्याचा एक हात जरूर द्या, अंधारी जागा एकदम मोठी दिसते.

रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी कागद. हे कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. बिल्डरबरोबरचा मूळ करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटापत्र (इमारत वापरायला दिलेली महापालिकेची परवानगी), कर्ज फिटल्यावर बँकेने दिलेलं पत्र, मिळकतकराच्या पावत्या. हे सगळं निळ्या फाइलीत आहे असं प्रत्येक घरात सांगतात आणि त्यातलं निम्मं दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात सापडतं. मूळ करारनामा रद्दीत गेला तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल अशी वरात काढावी लागते. तेवढ्यात घेणारा दुसरीकडे टोकन, म्हणजे इसाराची रक्कम, देऊन मोकळा होतो. घराला केलेल्या पक्क्या कामांची बिलंही शोधा, म्हणजे ग्रिल, नवीन बाथरूम, बंदिस्त केलेली बाल्कनी वगैरे. भांडवली नफ्याचा कर काढताना असा खर्च धरता येतो. घर १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेलं असेल, तर खरेदीच्या किमतीऐवजी त्या तारखेची बाजारभावाची किंमत धरण्याची मुभा आहे. मग बिलं त्यानंतरची लागतील. तुमच्या सीएंना विचारा, पण बिलं आधी हातात असू द्या.

जुन्या ट्रंकेत मोडी लिपीतले कागद निघाले तर तेही रद्दीत नकोत. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असल्याच कागदांचं काम करतंय, तिथे दाखवा. निघतील ते आजोबांच्या उसनवारीचे हिशेबही असतील, पण निदान कोणीतरी वाचलेले असतील.

आता आईंकडे येते. ‘हे टाकू का?’ असं विचारलंत की उत्तर ‘राहू दे’ हेच येणार. ‘हे कोणाला द्यायचं?’ असं विचारून बघा. आमच्या आईने तांब्याचा बंब, पितळी डब्यांची उतरंड, पुरणयंत्र, दोन सोरे यांतलं काहीही भंगारात जाऊ दिलं नाही, पण भाचीचं नाव निघालं तशी उतरंड स्वतः चिंच लावून घासून ठेवली. त्यांना माळ्याखाली उभं करून वरून एकेक वस्तू दाखवायची नाही, मान दुखते आणि राग येतो. खुर्चीत बसवा, चहा द्या, एका वेळी एकच गठडं खाली आणा. आणि त्या घरी नसताना काही काढू नका. एकदा ते कळलं की पुढची प्रत्येक पिशवी त्या उघडून तपासणार.

तारखांचं गणित मात्र तुमच्या बाजूने आहे. गौरी-गणपती होईपर्यंत मखर, मुखवटे, समया, पाट हे सगळं लागणारच, त्यामुळे तोवर माळे पूर्ण रिकामे होणार नाहीत. त्यानंतर लगेच पितृपंधरवडा. त्या दिवसांत पुण्यात टोकन द्यायला सहसा कोणी येत नाही, एजंटचा फोनही शांत असतो. आवराआवरीला पक्ष आड येत नाही. गौरींचं सामान परत माळ्यावर टाकूच नका, थेट नवीन घरी न्यायच्या खोक्यात भरा आणि वर मोठ्या अक्षरांत लिहा. पंधरवड्यात सगळं उपसा, नवरात्रात फोटो काढा, दसऱ्याला जाहिरात.

काय कुठे जातं ते सांगते. दारावर येणारी बोहारीण आता क्वचितच दिसते, पण आली तर साड्यांवर एखादं पातेलं अजून मिळतं. धडके कपडे आणि चालू वस्तू आधी सोसायटीतल्या कामवाल्या मावशींना विचारा. फाटक्यातुटक्याचं ‘स्वच्छ’च्या ताईंशी आधी बोलून घ्या. कचरावेचकांची ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा उचलतेय. पण रोजच्या बादलीबरोबर दोन गाद्या आणि मोडकी खुर्ची दारात ठेवून देऊ नका, मोठ्या सामानाचे वेगळे पैसे ठरवा. बंद पडलेला मिक्सर, केबलींचं जंजाळ, जुने मोबाइल हे ई-कचऱ्यात. ‘पूर्णम इकोव्हिजन’ ही संस्था आणि ‘स्वच्छ’ या दोघांच्याही संकलन मोहिमा होत असतात. जुन्या मोबाइलमधली सिमकार्डं काढा, हे सांगावं लागतं.

पितळ-तांबं भंगारवाल्याला देऊ नका. भांड्यांच्या दुकानात मोड म्हणून द्या, समोर वजन करून घ्या. बंब असेल तर मोडीत घालायच्या आधी कसब्यातल्या तांबट आळीत एकदा दाखवा. गादीतला कापूस चांगला असेल तर पिंजून उशा होतात, पण ओल लागलेली गादी असेल तर मोह सोडा. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी सुटे भाग, रेडिओ, घड्याळं, कुलपं असलं काय काय खपतं. तिथे स्वतः विकायला बसायच्या भानगडीत पडू नका, भंगारवालाच ते तिकडे नेतो. पाठ्यपुस्तकं अप्पा बळवंत चौकात विचारून बघा. अभ्यासक्रम बदललेला असेल तर सरळ रद्दी.

एक सल्ला तुम्हाला बरेच जण देतील: सामान एखाद्या गॅरेजमध्ये किंवा भाड्याच्या गोदामात ठेवा, घर विकल्यावर बघू. मला तो पटत नाही. टेम्पो दोनदा, हमाली दोनदा, आणि दर महिन्याला भाडं भरून आपण सांभाळतो काय, तर १४ इंची टीव्हीचं थर्माकोल. अगदी नवीन घरी लागणारंच फर्निचर असेल तरच.

स्वयंपाकघराला मात्र वेळ द्या. एका घरात मी बघायला गेले होते तेव्हा आमच्या आधीचं कुटुंब अजून आतच होतं. त्यातल्या बाईंनी मोठी ट्रॉली ओढली. ती अर्धी आली आणि अडकली, आत एक झारा उभा राहून वरच्या पट्टीला टेकला होता. त्यांनी पुन्हा ओढली, आतले डबे वाजले, आणि त्यांनी हळूच सोडून दिली. जिन्यात त्यांचे यजमान म्हणत होते, घर ठीक आहे पण किचन लहान आहे. ते किचन आमच्या आत्ताच्या किचनपेक्षा मोठं होतं.

तेव्हा प्रत्येक ट्रॉली एका बोटाने पूर्ण बाहेर आली पाहिजे. चॅनेल पुसून त्यात तेल सोडा, झारे-पळ्या आडव्या ठेवा, ट्रॉली निम्मी रिकामी करा. सिंकखालचा कप्पा पूर्ण मोकळा, तिथे फक्त कचऱ्याची बादली. कडप्प्याच्या फळ्यांवरचे जुने वर्तमानपत्राचे कागद काढून टाका, त्यांच्याखालीच झुरळांची वस्ती असते. पेस्ट कंट्रोल सगळं रिकामं झाल्यावर करा, भरलेल्या कपाटात त्याचा उपयोग होत नाही. डांबरगोळ्याही काढा. तो वास आला की लोक म्हणतात, काहीतरी झाकतायत.

बॉक्स बेड कोणी उघडत नाही, निदान माझ्या समोर कोणी उघडला नाही. जे जपून न्यायचंय ते तिथे टाका. कपाटांपैकी एक कुलूपबंद ठेवायला हरकत नाही. दागिने, पासबुकं, औषधं त्यात, आणि पाहुण्यांना तसं सांगून टाका. बाकीची उघडली जाणारच, घरच्यासारखी.

पार्किंग विसरू नका. जिन्याखालची सायकल आणि कव्हर घातलेली बंद चेतक स्कूटर ही तुमची साठवणीचीच जागा आहे, घेणारा तीही बघतो. गाडी भंगारात देताना आरटीओत तिची नोंदणी रद्द होतेय ना ते बघा, नाहीतर कागदोपत्री ती तुमच्याच नावावर फिरत राहते.

आणि काय राहणार, काय जाणार याची यादी आत्ताच करा: भिंतीतली कपाटं, ट्रॉल्या, माळ्यावरची टाकी, गिझर, पंखे, पडद्यांचे रॉड. एजंटला ती लेखी द्या, करारनाम्यातही येऊ द्या. भिंतीला बसवलेलं काहीही दिसलं की घेणारा ते आपलंच धरतो. देवघर भिंतीत पक्कं केलेलं असेल तर ते नेणार की ठेवणार हे आईंना आधी विचारा, टोकन घेतल्यावर नको.