किल्ली घरात, गाडी गायब : वाहनचोरीबद्दल वाचकांचे प्रश्न

गाडीच्या चोरीबद्दल आणि किल्लीबद्दल आलेल्या प्रश्नांमधले सहा इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमची गाडी बटणावर चालू होणारी आहे. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो आणि गाडी बरोबर खाली पार्किंगमध्ये असते. किल्ली दाराजवळच्या खुंटीला टांगतो. किल्ली घरात असताना गाडी नेता येते, असं ऐकलं. खरं आहे का? (कोथरूड, पुणे)

खरं आहे. तुमच्या घराची रचना तर चोराच्या सोयीची आहे.

तुम्ही हँडलला हात लावता तेव्हा गाडी साधारण १२५ किलोहर्ट्‌झचा एक क्षीण संदेश सोडते. तो जेमतेम एक-दीड मीटर पोहोचतो. खिशातली किल्ली तो ओळखते आणि आपल्याकडे बहुतेक वेळा ४३३ मेगाहर्ट्‌झवर उत्तर देते. हे उत्तर मात्र बरंच लांब जातं. सगळी सुरक्षितता पहिला संदेश लांब जात नाही यावर टिकून आहे. दोघं चोर नेमका तोच संदेश लांबवतात. एक जण गाडीपाशी यंत्र घेऊन उभा राहतो, दुसरा तुमच्या दाराबाहेर. गाडीला वाटतं किल्ली शेजारीच आहे. दार उघडतं, इंजिन चालू होतं. पुढे किल्ली लांब राहिली तरी चालतं इंजिन आपोआप बंद पडत नाही, कारण भर रस्त्यात ते बंद पडणं जास्त धोक्याचं. गाडी फक्त आवाज करून इशारा देते.

खुंटी आजच रिकामी करा. किल्ली दारापासून आणि बाहेरच्या भिंतींपासून लांब, आतल्या खोलीत ठेवा. पण अंतर हा अर्धाच उपाय आहे. त्यासोबत धातूमिश्रित कापडाचं अस्तर असलेली, सिग्नल अडवणारी पिशवी घ्या. विकत घेतली की लगेच तपासा : किल्ली आत घालून तोंड नीट बंद करा, गाडीच्या दाराला अगदी खेटून उभे राहा आणि हँडल ओढा. दार उघडलं तर पिशवी निकामी. घडीवर अस्तर झिजतं आणि पिशवी गुपचूप निकामी होते, म्हणून ही तपासणी दर दोन-तीन महिन्यांनी करा. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबाही कधी कधी चालतो, पण याच परीक्षेत उतरला तरच. मायक्रोवेव्हमध्ये किल्ली ठेवू नका. सकाळी कोणी न बघता तो चालू केला की किल्ली जळते.

कपाटातली दुसरी किल्लीही तितकीच जागी असते. बहुतेक जण पहिली पिशवीत घालतात आणि दुसरी विसरतात.

एकदा मॅन्युअलही उघडा. काही गाड्यांत किल्ली खिशात ठेवूनच दार उघडण्याची सोय सेटिंगमधून बंद करता येते. टोयोटाच्या अनेक किल्ल्यांवर लॉकचं बटण दाबून धरून अनलॉक दोनदा दाबलं की किल्ली झोपी जाते. काही नव्या किल्ल्या थोडा वेळ हलल्या नाहीत की स्वतःच गप्प होतात. तुमची तशी असेल तर धोका बराच कमी आहे.

प्रश्न : जुनी गाडी घेतली. एकच चावी मिळाली, दुसरी हरवली म्हणतात. नाक्यावरचा चावीवाला स्वस्तात डुप्लिकेट करून देतो म्हणाला. करून घेऊ का? (कोल्हापूर)

आधी दुसऱ्या गोष्टीची चिंता करा. ती ‘हरवलेली’ चावी आज कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये आहे आणि तुमची गाडी तिला अजून ओळखते.

चावीत तीन वेगळ्या गोष्टी असतात. पातं कुलूप फिरवतं. रिमोट लांबून दार उघडतो. तिसरी म्हणजे डोक्यातली छोटी चिप. इमोबिलायझर असलेल्या गाडीत चिपची ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. या चिपला बॅटरी लागत नाही, म्हणून रिमोटचा सेल संपला तरी गाडी चालू होते. नुसतं पातं कापून आणलेल्या डुप्लिकेटने दार उघडेल, इंजिन गप्प राहील.

गाडी तुमच्या नावावर झाली की आरसी, ओळखपत्र आणि हातातली चावी घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. तिथे दोन कामं सांगा : गाडीत किती चाव्या नोंदलेल्या आहेत ते बघा, आणि सगळ्या पुसून फक्त समोर असलेल्या पुन्हा नोंदवा. नवी दुसरी चावीही तेव्हाच नोंदवून घ्या, म्हणजे खेप वाचेल. यानंतर जुन्या चावीने इंजिन चालू होणार नाही. दार मात्र उघडेल, कारण कुलूप तेच आहे. तेही नको असेल तर कुलपांचा पूर्ण संच बदलावा लागतो. तो खर्च ज्याने त्याने ठरवावा. आमच्या मते गाडी रात्री रस्त्यावर उभी राहत असेल तर तो करावा.

नाक्यावरच्या डुप्लिकेटला आमचा विरोध आहे, आणि कारण कारागिरीचं नाही. तिथे बऱ्याचदा मूळ चिपची हुबेहूब नक्कल करतात. गाडीला दोन्ही एकच वाटतात. पुढे सगळ्या चाव्या पुसून मूळ चावी परत नोंदवली की तिची नक्कलही आपोआप जिवंत होते. अशी आणखी एक नक्कल कोणी स्वतःकडे ठेवली तर तुम्हाला कळायला मार्ग नाही.

नव्या गाडीच्या चाव्यांबरोबर अनेकदा नंबर कोरलेली एक छोटी पट्टी येते. त्या नंबरवरून नवं पातं कापता येतं. ती जुडग्यात अडकवू नका, गाडीतही ठेवू नका.

प्रश्न : मॉलमध्ये रिमोटने लॉक केली होती, तरी आतली बॅग गेली. काच फुटलेली नाही. (वाशी)

बहुधा गाडी लॉक झालीच नाही. त्याच लहरींवर गोंगाट करणारं छोटं यंत्र जवळपास चालू असलं की रिमोटचा संदेश गाडीपर्यंत पोहोचत नाही. तुम्ही चालता चालता, पाठमोरे बटण दाबता आणि निघून जाता. त्यापेक्षा वळून बघा : इंडिकेटर लुकलुकले का, आरसे मिटले का. हँडल ओढून बघणं साध्या किल्लीच्या गाडीत उत्तम. पण स्पर्शाने उघडणाऱ्या हँडलची किल्ली खिशात असेल तर ओढताच गाडी उघडेल, तिथे डोळ्यांवरच विसंबा. एकाच जागी रिमोट वारंवार दगा देत असेल तर पात्याने लॉक करा किंवा गाडी दुसरीकडे लावा.

प्रश्न : गिअर लॉक घ्यावं की जीपीएस? स्टिअरिंगला लावायचा दांडा उपयोगी आहे का? (ठाणे)

एकच घ्यायचं असेल तर गिअर लॉक.

काच फोडून स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे मेकॅनिक गाडी तपासायला यंत्र जोडतो त्या जागेला, आपलं यंत्र जोडायचं आणि नवी किल्ली नोंदवायची, ही आजची पद्धत आहे. इलेक्ट्रॉनिक अडथळा अशा यंत्राने काही मिनिटांत सुटतो. गिअरभोवतीचं पोलादी कुलूप लॅपटॉपने सुटत नाही, ते कापावं लागतं. कापायला वेळ लागतो, आवाज होतो, आणि चोर या दोन्हींना घाबरतो. मॅन्युअल गाडीत रिव्हर्समध्ये आणि ऑटोमॅटिकमध्ये ‘पी’मध्ये अडकणारं लॉक तुमच्या मॉडेलसाठीच बनलेलं हवं. बोल्ट घट्ट बसले की डोकी तुटून पडतात अशा प्रकारचे असावेत, म्हणजे साध्या पान्याने खोलता येत नाहीत. स्टिअरिंगचा दांडा बाहेरून दिसतो हा त्याचा मोठा गुण. पण स्टिअरिंगचं चाक कापून तो काढता येतो, म्हणून तो जोडीला ठेवा. ओबीडी सॉकेटवर बसणारं लोखंडी कुलूपही जोडीला चांगलं.

जीपीएस चोरी थांबवत नाही, मागोवा देतं. सहज हात जाईल अशा जागी लावलेला ट्रॅकर पहिल्या दहा मिनिटांत उपटला जातो. स्वतःची बॅटरी असलेला घ्या, डॅशबोर्डच्या आत खोल बसवा, सिमचं रिचार्ज संपण्याची तारीख लिहून ठेवा. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर ट्रॅकर मुख्य बॅटरी हळूहळू पितो, हेही लक्षात असू द्या. मोबाइलवरून इंजिन बंद करणारी जोडणी करताना एक अट पाळा : गाडी धावत असताना ती चालता कामा नये. वायरी कापून केलेलं काम वॉरंटीला बाधक ठरू शकतं, आधी विचारा.

पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेलं चोरीरोधक उपकरण बसवलं तर स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर सूट मिळू शकते. जुन्या दरपत्रकानुसार ती २.५ टक्के, कमाल ५०० रुपये होती. रक्कम लहान आहे, पण बिल जपून ठेवा.

प्रश्न : हॉटेलात गाडी लावायला किल्ली द्यावीच लागते. काय काळजी घ्यावी? (पणजी)

घराच्या किल्ल्या त्या जुडग्यात कधीच नकोत. गाडीत घराचा पत्ता असलेली कागदपत्रं असतात, म्हणजे पत्ता आणि किल्ली दोन्ही एकाच माणसाच्या हातात जातात. मूळ आरसी गाडीत ठेवू नका. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधली चालते. पावती घ्या, त्यावर गाडीचा नंबर आहे का बघा.

प्रश्न : गाडी चोरीला गेली तर पहिल्या दिवशी काय काय करायचं? विम्याचे पैसे अडकतात असं सगळे म्हणतात. (नागपूर)

आधी वाहतूक पोलिसांकडे विचारा, गाडी टोइंगने उचलली तर नाही ना. नसेल तर ११२ वर कळवा आणि त्याच दिवशी गुन्हा नोंदवा. १ जुलै २०२४ पासून चोरीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं. माहिती ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. जमिनीवर काचेचा चुरा असेल तर हलवण्याआधी फोटो काढा. आसपासच्या दुकानांचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, ते जपून ठेवायला लगेच सांगा. फास्टॅग घाईघाईने बंद करू नका. टोल कापल्याचा संदेश आला तर गाडी कोणत्या नाक्यावरून गेली ते कळतं. तो पोलिसांना दाखवा आणि त्यांच्याशी बोलूनच टॅग बंद करा.

विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. गुन्हा लगेच नोंदवलेला असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. तरी त्या भरवशावर राहू नका. आरटीओलाही पत्र द्या, म्हणजे गाडी परस्पर दुसऱ्याच्या नावावर होणार नाही.

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचे पैसे मिळत नाहीत. पूर्ण विमा असेल तर आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत लिहिलेली गाडीची विमा किंमत मिळते, आणि ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ ही जादा जोडणी घेतली असेल तर अटींनुसार खरेदीच्या किमतीच्या जवळ. कर्ज बाकी असेल तर बँकेचा हिस्सा आधी जातो.

दावा अडतो तो बहुधा किल्लीपाशी. कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एकच दिली की संशय सुरू होतो : दुसरी गाडीतच होती का? त्यासाठी किल्ली हरवेल त्याच दिवशी पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद करून प्रत ठेवा. चोरीनंतर केलेली नोंद कोणी मानत नाही. किल्ली इग्निशनला राहिली असेल तर खोटं सांगू नका. अशा एका ट्रकच्या प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा पूर्ण न फेटाळता ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. खोटं पकडलं गेलं तर तेही हातचं जातं.

तपास लागला नाही की पोलिसांकडून ‘अ’ समरी घ्यावी लागते, म्हणजे गुन्हा खरा आहे पण छडा लागला नाही असा अहवाल. याला महिने लागू शकतात. तोवर गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्यासाठीचे आरटीओचे फॉर्म २८, २९, ३०, हक्क कंपनीकडे देणारं पत्र आणि आरसी तयार ठेवा. कोऱ्या फॉर्मवर सह्या करण्याआधी त्यांच्या प्रती काढा, आणि किल्ल्या दिल्याची लेखी पोच त्याच क्षणी घ्या.