ओळंबा आधी आपल्या भिंतीला

प्रिय पोरी,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र आणि सोबतचा उपदेशाचा मसुदा, दोन्ही दोनदा वाचले. पत्र आवडलं, मसुदा आवडला नाही. पत्रात तू गोंधळलेली आहेस, मसुद्यात मात्र तुला सगळंच कळलेलं आहे.

तू विचारतेस, ख्रिस्ती मंडळीच्या हिशेबात घोळ दिसतोय, मंडळीचे वडीलजन म्हणतात नम्र राहा, देव पाहून घेईल. मग नम्र राहू की खरं बोलू? असा प्रश्न घालणाऱ्यांनी तुला फसवलंय. नम्र म्हणजे गप्प, हे बायबलातल्या, बेथेलच्या अमस्या याजकाचं मत होतं; ज्याचं पुस्तक बायबलात आहे त्या आमोसाचं नव्हे. अमस्याने त्याला सुनावलं, यहूदात चालता हो, तिकडे पोट भर, हे राजाचं पवित्रस्थान आहे. आमोस काय म्हणाला? मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगाही नाही; मी मेंढरांमागे फिरणारा, उंबरांची निगा राखणारा माणूस. आणि लगेच पुढे, आता परमेश्वराचं वचन ऐक. आपल्याला कसलाच मान नाही हे कबूल करायचं आणि निरोप तर गिळायचा नाही. एवढ्यावर हा विषय मी मिटवतो. बोल. वडीलजनांना मी भीत नाही, तूही भिऊ नकोस.

माझं भांडण तुझ्या मसुद्याशी आहे. ‘चपलांच्या जोडीसाठी गरिबाला विकलं’ हे वाक्य तू आमोसाच्या दुसऱ्या अध्यायातून उचललंस आणि खजिनदारांच्या अंगावर टाकलंस. त्या वाक्यापर्यंत आमोस कसा येतो ते पाहिलंस का? आधी शेजारच्या शहरांवर आणि राज्यांवर दोष ठेवतो: दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. इस्राएलच्या दुसऱ्या यराबाम राजाचा काळ, इ.स.पू. आठवं शतक, राज्यात पैसा खेळतोय, बेथेलात यज्ञांची गर्दी. शेजाऱ्यांची एकेक चूक वाचली जाते तसे ऐकणारे खूश होत असणार. मग सातवं नाव येतं, यहूदा, म्हणजे दक्षिणेचं राज्य; बेथेल उत्तरेच्या इस्राएलात. आमोस कुठला? तकोवाचा. तकोवा यरुशलेमच्या दक्षिणेला साधारण १६ किलोमीटरवर, म्हणजे यहूदातच. इस्राएलाला हात लावण्याआधी त्याने स्वतःचं घर यादीत घातलं. यहूदाबद्दलचा तो भाग मागाहून जोडला असं काही अभ्यासक मानतात, हे मला ठाऊक आहे. जोडणारा यहूदातला असेल तर त्यालाही अक्कल होती म्हणायची.

तुझ्या मसुद्यात सहा पानं आहेत. तुझं नाव एकदाही नाही.

यशया संदेष्ट्याकडे बघ. पाचव्या अध्यायात सहा वेळा तो दुसऱ्यांना ‘हाय’ म्हणतो. घराला घर जोडणाऱ्यांना, वाइटाला बरं म्हणणाऱ्यांना, स्वतःला शहाणं समजणाऱ्यांना. सातवा ‘हाय’ सहाव्या अध्यायात आहे, तो स्वतःला. मी अशुद्ध ओठांचा, आणि अशुद्ध ओठांच्या लोकांत राहतो. त्यानंतर निखारा त्याच्या ओठांना लागतो, आणि मग त्याला पाठवलं जातं.

माझे वडील गवंडी होते. भिंत सरळ आहे का ते पाहायला दोरीला वजन बांधलेला ओळंबा सोडला की तो हलतो. लहानपणी मी घाईने ‘भिंत कललीय’ म्हणायचो, ते म्हणायचे, आधी तो थांबू दे. थरथर तुझ्या हातात आहे, भिंतीत नाही. ही गोष्ट मला माहीत असूनही मी १९८३ साली आमोसाच्या सातव्या अध्यायावर, नेमका ओळंब्यावर, उपदेश केला. आमचे तेव्हाचे खजिनदार तिसऱ्या बाकावर बसले होते. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. हिशेब चुकलेलाच होता, आजही मी तेच म्हणेन. पण त्या महिन्यात संडेस्कूलच्या पेटीतले १४० रुपये माझ्याकडे ‘तात्पुरते’ होते. परत केले मी ते. उपदेशानंतर केले. रक्कम लहान होती, आणि पगार तीन महिने थकला होता. बघ, इतक्या वर्षांनीही मी तुला कारणं सांगतोय.

ते गृहस्थ पुन्हा देवळात आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो नाही. ते वारले तेव्हा घरच्यांनी मातीला दुसऱ्या गावचे पाळक बोलावले.

म्हणून सांगतो, ओळंबा आधी आपल्या भिंतीला. तू म्हणशील, अशाने कोणी कधी बोलणारच नाही. चूक. असा माणूस बोलतो, पण वेगळं बोलतो. आमोसाला आधी टोळ दिसले, मग आग. दोन्ही वेळा तो गयावया करतो, याकोब, म्हणजे इस्राएल, कसा टिकेल, तो लहान आहे. ओळंबा तिसऱ्या दृष्टान्तात येतो. दोनदा विनवणी करून झालेल्या माणसाला दिसलेला ओळंबा आहे तो. तू खजिनदारांसाठी एकदा तरी विनवणी केलीस का? मी केली नव्हती.

एक कसोटी सांगतो. मीखा संदेष्टा म्हणाला होता, सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखी नांगरली जाईल. पुढे, म्हणजे सुमारे शंभर वर्षांनी, असंच बोलल्यामुळे यिर्मया संदेष्ट्याच्या जिवावर बेतलं तेव्हा देशातल्या वडीलजनांनी हीच गोष्ट काढली की, मीखाच्या वेळच्या हिज्कीया राजाने परमेश्वराचं भय धरलं आणि ते अरिष्ट टळलं. मीखाचं वचन तेव्हा खरं ठरलं नाही, आणि त्याबद्दल कोणी त्याला खोटा म्हटलं नाही. उलट योना संदेष्टा बघ. ज्याच्या नाशाचा निरोप त्याने दिला ते निनवे वाचलं म्हणून शहराबाहेर रुसून बसला. आता खरं सांग, तुझ्या उपदेशानंतर खजिनदारांनी उभं राहून चूक कबूल केली आणि लोकांनी त्यांना मिठी मारली, तर तुला आनंद होईल की थोडं चुकल्यासारखं वाटेल? थोडं जरी वाटलं तरी मसुदा फाड.

फाडला नाहीस तर निदान असं कर. पहिली चार पानं काढ. खजिनदारांकडे रविवारच्या आधी जा, एकटी जा, वह्या घेऊन जा, चहा दिला तर पी. सरळ विचार. ते ओरडतील, तुझं वय काढतील, बाई असल्याचंही काढतील. ऐकून घे, पण आकडा सोडू नकोस. परत आलीस की उरलेली दोन पानं नव्याने लिही आणि मला पाठव. या वेळी अक्षर जरा मोठं काढ, डोळे पूर्वीचे राहिले नाहीत.

तुझा,
जुना पाळक

ता.क. तुमचे प्राध्यापक म्हणतात, आमोसातल्या त्या हिब्रू शब्दाचा अर्थ ओळंबा नसून कथील असावा. असेल. आमच्या मराठी पवित्र शास्त्रात ओळंबाच आहे आणि माझ्या वडिलांच्या हातात ओळंबाच होता. कथिलाबद्दल मला पुन्हा लिहू नकोस.