आधी लावणीला ये

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

गावच्या जमिनीवर बांधायच्या तुझ्या घराचा नकाशा बघितला. पश्चिमेची ती मोठी काचेची खिडकी तेवढी खोडून टाक. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि झड येते ती त्याच अंगाने. तिथे पडवी काढ, वळचण चांगली पुढे घे. मिरगाआधी बाहेरून माडाच्या झावळ्यांची झापं बांधली की भिंत कोरडी राहते. हे तुला कुठलाही गवंडी सांगेल.

मला बोलायचंय ते दुसरंच. 'दिवाळीनंतर येते, वाडीतले मदत करतील ना?' असं तू विचारलंस. करतील. पण त्यासाठी आत्ता ये. भाताची लावणी तोंडावर आलीय.

आपल्या वाडीत अजून सावड चालते. आज तुझ्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, दहा माणसं उतरली, की पुढे त्या दहाजणांकडे तू जायचं. पैसे नाहीत, वही नाही, पण कोणाची किती दिवसांची फेड बाकी आहे हे बायकांना तोंडपाठ असतं. तुझी आजी गेल्यापासून तुमच्या घराचं खातं बंद आहे. ते चिखलात उतरूनच उघडतं. तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडी डाव्या हातात धरायची, उजव्याने दोन-तीन काड्या अंगठ्याने खोचायच्या आणि मागे सरकत जायचं. खोल खोचू नकोस, फुटवे कमी येतात. तुझी ओळ वाकडी जाणार आणि बायका हसणार. हसू दे. दुपारी पेज वाढताना त्याच तुला जवळ बसवतील.

जमिनीचं म्हणशील तर सात-बारा सामाईक आहे. घराची परवानगी असो की सरकारच्या फुंडकर फळबाग योजनेचं अनुदान (ते 50, 30, 20 टक्के असं तीन वर्षांत मिळतं), बाकीच्या हिस्सेदारांची संमती लागणारच. मुंबईकर चुलते एकत्र सापडतात ते गणपतीतच. आरतीनंतर निवांत विषय काढ. वाटणीचं नाव मात्र काढू नकोस, नाहीतर विसर्जनापर्यंत तेच चालेल.

पहिल्या वर्षी घर नको, मांगर, म्हणजे शेतावरचं छोटं खोपटं, बांध. एक खोली, एक पडवी, चौथरा जांभ्या दगडाचा. खाणीतून ताजा निघालेला चिरा मऊ असतो, हवेवर पडला की कडक होतो. तासायचं काय ते लवकर तासून घे. उतारावर काजूची कलमं, वेंगुर्ला-4 किंवा 7 जातीची, सात-सात मीटरवर. मधल्या जागेत सुरुवातीला नाचणी घे. सगळी जमीन एकदम साफ करायच्या फंदात पडू नकोस. गवत तुझ्यापेक्षा चिवट आहे.

भात कापून झालं की वाडी व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, बंधारा घालते, सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून. त्या दिवशी कुठेही जाऊ नकोस. तुझ्या कलमांना उन्हाळ्यात पाणी मिळेल ते तिथलंच.

आणि मे महिन्यात मांगरावर कौलं चढवायला माणसांची रांग लागेल. खालून वर, हातोहात. जेवायला काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि भाकरी पुरे. चहा मात्र दोनदा हवा, दुसरा चारच्या आत. नाहीतर शेवटची ओळ उद्यावर जाते.

तुझा,
काका