आई-बाबांसोबत ल्युसर्नला दोन रात्री: आधी पासची तारीख बघा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. आई-बाबा सोबत, स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला दोन रात्री, एक दिवस टिटलिसचा डोंगर, शहर "दोन तासांत उरकेल" आणि ट्रेन-बोटीचा पास विमान उतरण्याच्या दिवसापासून. आमच्या टूरवाल्याने हुबेहूब हाच कागद हातात दिला होता.

व्हिसा, विमा तुम्ही बघितलंच असेल, त्यात शिरत नाही. पण तुमचं विमान झुरिकला संध्याकाळी उतरतंय. सलग दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास असेल, तर पहिला अख्खा दिवस तासाभराच्या ट्रेनमध्ये खर्ची पडणार. आम्ही निघायच्या बरंच आधी टूरवाल्याच्या पुण्याच्या ऑफिसला हेच विचारलं. "तिकडे काउंटरवर बदलून मिळेल." तिकडच्या काउंटरवरच्या बाईंनी पास बघून सांगितलं, ज्यांनी दिला त्यांनाच तो बदलता येईल. पुण्याला फोन लावला, तर "सिस्टीम घेत नाही." शेवटी रिगीचा, म्हणजे ल्युसर्नजवळच्या दुसऱ्या डोंगराचा दिवस पासच्या बाहेर गेला. पासवर बोट आणि रिगीची डोंगरगाडी दोन्ही फुकट असतात, आम्ही घरातल्या सगळ्यांची पूर्ण दराने तिकिटं काढली. आल्यावर केलेल्या मेलला अजून उत्तर नाही. आजच तारीख बदलून घ्या, आणि बदलल्याचं लेखी घ्या. फोनवरच्या "होऊन जाईल"वर थांबू नका.

टिटलिसवर याच पासला फक्त अर्धी सवलत, हेही कोणी आपणहून सांगत नाही. केबल कार 3,020 मीटरवर नेते. मी डॉक्टर नाही, पण बाबांना बीपीचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी विचारून घ्या. माझं मत विचाराल तर सरळ रिगी. स्टेशनसमोरच्या धक्क्यावरून बोटीने फिट्सनाऊ, साधारण तासभर, तिथून 1871 सालची, युरोपातली पहिली दातेरी डोंगररेल्वे. वेळापत्रकात वाफेच्या बोटीची फेरी शोधा. बोटीच्या मधोमध इंजिन उघडंच असतं. कठड्याला टेकून उभं राहिलं की चकचकीत दांडे पायाखाली गरागरा फिरताना दिसतात, तापलेल्या तेलाचा वास येतो. माझे सासरे डोंगर सोडून तिथेच रमले. डोंगराचा दिवस मात्र आधी ठरवू नका. सकाळी शिखरावरचा वेबकॅम बघा, ढग असतील तर त्या दिवशी शहर.

आणि शहर दोन तासांत होत नाही. कापेलब्रुक या जुन्या लाकडी, छताच्या पुलावर ग्रुप यायच्या आत, सकाळी जा आणि मान वर करून चाला. छताखाली त्रिकोणी फळ्यांवर जुनी चित्रं आहेत. 1993 च्या आगीत बरीचशी जळाली, म्हणून मधल्या भागात जागा रिकाम्या दिसतात. सिंहाचं शिल्प 1792 मध्ये पॅरिसला मारल्या गेलेल्या स्विस सैनिकांचं आहे, एवढं आई-बाबांना आधी सांगा, नाहीतर फोटो काढून लोक निघतात. मुसेगच्या तटाचे, म्हणजे शहराच्या जुन्या तटबंदीचे, जिने खड्या चढाचे, त्यांना नेऊ नका. तुम्ही मात्र घड्याळाच्या बुरुजावर जाच. ते घड्याळ शहरातल्या बाकीच्यांच्या एक मिनिट आधी टोले देतं. हिवाळ्यात तट बंद असतो.

हॉटेलकडून पाहुण्यांचं कार्ड मागून घ्या, शहरातली बस त्यावर फुकट. रविवारी दुकानं बंद असतात, दूध-ब्रेड-फळं स्टेशनातल्या दुकानात मिळतात. पासचे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, पैसे भरण्याआधी रेल्वेच्या साइटवर स्वतः बघा. तुमच्या पासवर "फ्लेक्स" लिहिलंय का, तेवढं कळवा. तसं असेल तर दिवस सलग धरले जात नाहीत, मग तारखेची चिंताच नको.