केनियाचे धावपटू मॅरेथॉनचा विश्वविक्रम बर्लिनलाच का मोडतात?

मुख्य कारण बर्लिनचा रस्ता. जवळजवळ सपाट, वळणं कमी आणि सप्टेंबरअखेरची थंड सकाळ. वेग राखून देणारे पेसमेकरही असतात. पॉल टेरगाटने २००३ साली तिथे २:०४:५५ वेळ दिली, मग मकाऊ, किपसांग, किमेटो आणि २०२२ मध्ये एलियूड किपचोगे, २:०१:०९! (हा विक्रम मात्र २०२३ मध्ये शिकागोत मोडला गेला, केनियाच्याच किपटुमकडून.)

पण खरी तयारी होते केनियात. किपचोगेचा कॅप्टागाटचा कॅम्प समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरहूनही हजारभर मीटर वर. हवा विरळ, लाल मातीचे रस्ते, जेवायला उगाली (मक्याच्या पिठाची घट्ट उकडच म्हणा ना) आणि पालेभाजी. कॅम्पमधली कामं पाळीने, संडास धुण्याचं कामसुद्धा. ऑलिंपिक विजेता झाला म्हणून किपचोगेला त्यातून सुटका नाही. मला त्याच्या विक्रमांपेक्षा हेच जास्त भावतं.

२०१५ ची बर्लिनची शर्यत यूट्यूबवर जरूर बघा. किपचोगेच्या बुटातले सोल मागून बाहेर येऊन पंखांसारखे फडफडत होते. पठ्ठ्या थांबला नाही, तसाच पळून जिंकला, २:०४:०० मध्ये.