एच-इंडेक्स ४१ की १७?

प्रश्न : मुलगी एमएस्सी मायक्रोबायॉलॉजी झाली. इम्युनॉलॉजीत पीएचडीसाठी दोन ठिकाणी निवड झाली आहे. एका गाइड सरांचा एच-इंडेक्स ४१, दुसऱ्या बाईंचा १७. मुलगी म्हणते, बाईंकडे जाते. भावकीतले एक प्राध्यापक म्हणतात, ४१ सोडून १७ कडे जाणं हा शुद्ध वेडेपणा. मी पोल्ट्रीवाला माणूस, मला यातलं काही कळत नाही. काय करावं?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : दादा, पोल्ट्रीवाले आहात हे फार बरं झालं. कोंबडीकडे येतेच, आधी आकड्याचं बघू.

एखाद्याचे सगळे छापलेले संशोधन-पेपर घ्यायचे. ज्याचा संदर्भ इतरांनी सर्वांत जास्त वेळा दिला तो वर, अशी उतरती रांग लावायची आणि खाली मोजत यायचं. सतराव्या पेपरला निदान सतरा संदर्भ आहेत, पण अठराव्याला अठरा भरत नाहीत, तिथं थांबायचं. झाला एच-इंडेक्स १७. होर्हे हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये ही युक्ती काढली. वयाबरोबर हा आकडा वाढतच जातो, खाली कधी येत नाही. माणूस निवृत्त होऊन घरी बसला तरी. म्हणून ४१ हे किती वर्षांचे आणि १७ किती वर्षांचे, हे आधी विचारा.

शिवाय त्यात मोठा पेपर आणि बरा पेपर एकाच भावात जातात. केलर आणि मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात तीन पानं लिहिली. मेडिकलच्या दुकानातली गरोदरपणाची पट्टी ज्या अँटिबॉडीवर चालते, ती हवी तशी बनवण्याची रीत त्या तीन पानांत आहे. १९८४ चं नोबेल त्याच कामाचं. एच-इंडेक्समध्ये मात्र त्याची किंमत एक.

मी पुण्यात एका संशोधन संस्थेत ग्रंथपाल होते. तेव्हा कोणाच्या पेपरचा संदर्भ कोणी दिला याच्या सूचीचे, 'सायन्स सायटेशन इंडेक्स'चे, जाडजूड खंड यायचे, अक्षर मुंगीएवढं. भलेभले शास्त्रज्ञ भिंग घेऊन आपलं नाव शोधायचे आणि कडेला पेन्सिलीनं हळूच टिंब द्यायचे. ती टिंबं खोडणं हे माझं काम. एका सरांनी मला त्यांच्या नावाखालच्या नोंदी मोजायला सांगितल्या. बारा निघाल्या. त्यातल्या नऊ सरांच्याच पुढच्या पेपरांतल्या होत्या. तसं मी सांगितलं, तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता कोंबडी. गंबोरो रोग आला की पक्षी चिरल्यावर गुदद्वाराजवळची सुजलेली पिशवी, बर्सा, तुम्ही पाहिली असेल. बर्सा गेली की वाचलेल्या पक्ष्यांत इतर लसीही नीट धरत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ही पिशवी कशासाठी असते, हे १९५० च्या सुमाराला कोणालाच माहीत नव्हतं. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी कोवळ्या पिल्लांची बर्सा काढून बघत होता. काही विशेष दिसेना. टिमथी चँग या त्याच्या मित्राला वर्गात अँटिबॉडी दाखवायची होती, म्हणून त्यानं ग्लिकच्याच कोंबड्या घेतल्या आणि साल्मोनेलाचं इंजेक्शन दिलं. अँटिबॉडी तयारच होईना! प्रयोग फसला म्हणून दोघं शोधायला लागले, तर बर्सा काढलेले नेमके तेच पक्षी. पेपर 'सायन्स' या नियतकालिकाकडे गेला आणि परत आला. शेवटी १९५६ मध्ये 'पोल्ट्री सायन्स'मध्ये दोन पानांत छापला. इम्युनॉलॉजीवाले कशाला पोल्ट्रीचं मासिक उघडतील? काही वर्षं तो तिथंच पडून राहिला. आज तुमची मुलगी अँटिबॉडी बनवणाऱ्या ज्या पेशींना बी-सेल म्हणते, त्यातला 'बी' या बर्सातलाच. १९५७ मध्ये कोणी ग्लिकचे संदर्भ मोजले असते, तर त्याच्याकडे विद्यार्थी पाठवला नसता.

म्हणून ४१ वाले सर वाईट ठरत नाहीत हं. दोघांच्या पेपरांची यादी पबमेड या वेबसाइटवर फुकट दिसते, मुलीला उघडायला सांगा. या विषयात ज्यानं हातानं काम केलं त्याचं नाव बहुधा पहिलं आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं शेवटचं. सरांचं नाव पंचवीस जणांच्या मधे कुठंतरी अडकलेलं असेल, तर त्या पेपरातला त्यांचा वाटा किती ते विचारावं लागेल. दुसऱ्यांच्या कामाचा आढावा घेणारे लेख किती, तेही बघा. त्यांना संदर्भ भरपूर मिळतात. मग पहिली नावं बघा. विद्यार्थ्यांची आहेत का? एकच नाव चार-पाच वर्षांत दोनदा आलं तर उत्तम. एखादं नाव पहिल्या वर्षी येऊन पुढे गायब असेल, तर त्या मुलाला फोन लावा. आणि तुलना करताना दोघांचे आकडे एकाच ठिकाणचे घ्या. गुगल स्कॉलर प्रबंधबिबंध सगळं मोजतं, त्यामुळे तिथला आकडा स्कोपस या दुसऱ्या संदर्भसूचीपेक्षा बहुधा फुगलेला दिसतो.

तुमच्या पत्रात भावकीतल्या सरांचं म्हणणं आहे, तुमचं आहे. मुलगी बाईंकडे का जाते म्हणते, ते कुठंच नाही. तिनं ही यादी कदाचित महिन्यापूर्वीच उघडून बघितली असेल. आज जेवताना विचारा.